जाळी बारीक, म्हणून पाऊस अचूक? : हवामान प्रारूपांचे विभेदन व उष्णकटिबंधीय पर्जन्य – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाबा येथे झालेला पाऊस सुमारे ७३ मि.मी. होता. या दोन ठिकाणांमधील अंतर वीस-पंचवीस किलोमीटरपेक्षा अधिक नाही. आंतरशासकीय हवामान बदल समितीचा चौथा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळातील प्रमुख जागतिक हवामान प्रारूपांच्या जाळीतील एका चौकटीची बाजू सुमारे ११० कि.मी. होती. अशा एका चौकटीचे क्षेत्रफळ बारा हजार चौरस किलोमीटरहून अधिक भरते आणि सुमारे सहाशे चौरस किलोमीटरचे बृहन्मुंबई तीत वीस वेळा मावते. सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यातील भेद त्या प्रारूपाच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता.

या उदाहरणावरून जो निष्कर्ष सहज काढला जातो, तो असा की चौकट लहान केली की पाऊस आपोआप बरोबर येईल. गेल्या दोन दशकांत हवामानशास्त्रातील मोठी गुंतवणूक याच अपेक्षेने झाली आहे. ही अपेक्षा निराधार नाही. परंतु ती जितक्या सरसकटपणे मांडली जाते तितकी खरीही नाही. प्रारूपांचे विभेदन, म्हणजेच रेझोल्यूशन, वाढविल्याने उष्णकटिबंधातील पर्जन्याच्या प्रतिरूपणात नेमके काय सुधारते, काय सुधारत नाही आणि या भेदाचा विसर पडल्यास कोणते धोके संभवतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विभेदन म्हणजे काय?

हवामान प्रारूप म्हणजे वातावरणाच्या गतीची, उष्णतेची व आर्द्रतेची समीकरणे संगणकाद्वारे सोडविण्याची व्यवस्था होय. त्यासाठी पृथ्वीचा पृष्ठभाग आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीत विभागला जातो आणि प्रत्येक चौकटीसाठी तापमान, वारा, आर्द्रता यांचे एकेक मूल्य धरले जाते. या मांडणीची मूळ कल्पना लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. त्यांनी २० मे १९१० या दिवसासाठी हाताने आकडेमोड करून सहा तासांतील वायुदाबाचा बदल काढला. तो १४५ हेक्टोपास्कल इतका अवास्तव आला. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. पुढे असे दिसून आले की, या चुकीचे मुख्य कारण जाळीचा जाडेपणा हे नव्हते. प्रारंभीच्या नोंदींत वारा व दाब यांचा परस्पर मेळ नव्हता, आणि तोच दोष आकडेमोडीत वाढत गेला. या विषयाच्या आरंभीच मिळालेला हा धडा आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. उत्तर चुकले म्हणजे जाळीच जाड होती, असे गृहीत धरता येत नाही.

विभेदनाविषयी दोन तांत्रिक बाबी प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिली बाब खर्चाची. चौकटीची बाजू निम्मी केली की दोन्ही आडव्या दिशांना चौकटींची संख्या दुप्पट होते, आणि आकडेमोड स्थिर राहावी म्हणून कालांतरही निम्मे करावे लागते. म्हणजेच श्रम आठपट होतात. उभ्या दिशेतील थर वाढविल्यास त्याहूनही अधिक. १०० कि.मी.वरून सुमारे ३ कि.मी.पर्यंत जाण्यासाठी पाच वेळा निम्मे करावे लागते. त्याचा अर्थ मूळ श्रमाच्या बत्तीस हजार पटींहून अधिक श्रम असा होतो. दुसरी बाब परिणामकारक विभेदनाची. एखादी लाट अथवा ढगांचा समूह प्रारूपात विश्वसनीय रीतीने उमटण्यासाठी साधारणतः पाच ते सात चौकटी लागतात. त्यामुळे १२ कि.मी. जाळीचे प्रारूप १२ कि.मी. आकाराच्या घटना दाखविते, असे म्हणणे चुकीचे ठरते. ते साठ ते ऐंशी किलोमीटरच्या घटना बऱ्यापैकी दाखविते, इतकेच म्हणता येईल.

उष्णकटिबंधाचे वेगळेपण

मध्य अक्षांशांतील पाऊस प्रामुख्याने हजार-दोन हजार किलोमीटर विस्ताराच्या आवर्तांशी निगडित असतो. ११० कि.मी.ची जाळीदेखील अशी आवर्ते ओळखू शकते. उष्णकटिबंधातील पाऊस मात्र मुख्यतः अभिसरणातून, म्हणजे तापलेली दमट हवा वर चढून निर्माण होणाऱ्या उंच मेघांतून पडतो. अशा मेघातील वर चढणाऱ्या हवेचा स्तंभ एक ते काही किलोमीटर रुंदीचा असतो. तो जाड जाळीतून निसटतो. म्हणून प्रत्येक चौकटीत सरासरीने किती मेघ उठतील आणि ते किती पाऊस देतील, याचा अंदाज काही नियमांच्या आधारे बांधावा लागतो. या पद्धतीला प्राचलीकरण म्हणतात.

स्युकुरो मानाबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये वापरलेली पद्धत साधी होती. दमट हवेचा स्तंभ अस्थिर झाला की तो स्थिर अवस्थेत आणून ठेवायचा आणि उरलेली बाष्पे पाऊस म्हणून मोजायची. १९७४ मध्ये अराकावा आणि शुबर्ट यांनी एकाच चौकटीतील लहानमोठ्या मेघांचा समूह विचारात घेणारी अधिक सखोल योजना मांडली. आज वापरात असलेल्या अनेक योजना याच परंपरेतील आहेत. परंतु कोणतीही योजना घेतली तरी तिच्यात मेघ प्रत्यक्ष नसतो. असतो तो मेघाविषयीचा नियम. उष्णकटिबंधीय पर्जन्याच्या प्रतिरूपणातील बहुतेक वाद या एका वस्तुस्थितीपाशी येऊन थांबतात.

बारीक जाळीने काय साधते?

विभेदन वाढविण्याचा सर्वांत निर्विवाद लाभ भूरूपांशी निगडित पर्जन्याच्या बाबतीत दिसतो. सह्याद्रीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. महाबळेश्वर येथे वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सरळ रेषेत सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या वाई येथे तो हजार मिलीमीटरपेक्षाही कमी असतो. २०० कि.मी.च्या जाळीत सह्याद्री हा डोंगर राहतच नाही. कोकण, घाटमाथा आणि देश यांची सरासरी होऊन एक मंद उतार तेवढा उरतो. साहजिकच घाटमाथ्यावरील मुसळधार पाऊस आणि पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण पट्टा दोन्ही नाहीसे होतात. जाळी २५ कि.मी.पर्यंत आली की पश्चिम घाट, म्यानमारचा किनारा आणि हिमालयाचा पायथा येथील पर्जन्याचे पट्टे आपापल्या जागी दिसू लागतात.

दुसरा लाभ जलचक्राशी संबंधित आहे. जाळी बारीक केल्यावर जमिनीवर पडणाऱ्या पावसात समुद्रावरून वाहून आलेल्या बाष्पाचा वाटा वाढतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेमोरी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले. मात्र हा परिणाम सुमारे ६० कि.मी. नंतर फारसा वाढत नाही, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. उष्णकटिबंधीय चक्रीवादळांची संख्या व रचना यांतही लक्षणीय सुधारणा होते. २५ ते ५० कि.मी. जाळीच्या प्रारूपांची पद्धतशीर तुलना करण्यासाठी २०१६ मध्ये जो आंतरराष्ट्रीय उच्च-विभेदन तुलना प्रकल्प आखण्यात आला, त्यामागे हीच निरीक्षणे होती.

बारीक जाळीने काय साधत नाही?

येथून पुढे चित्र गुंतागुंतीचे होते. उष्णकटिबंधीय पर्जन्याच्या प्रतिरूपणातील तीन त्रुटी दीर्घकाळ टिकून आहेत, आणि त्या तिन्ही विभेदनाला सारखा प्रतिसाद देत नाहीत.

पहिली त्रुटी पावसाच्या स्वभावाची. २०१० मध्ये ग्रेम स्टीफन्स व सहकाऱ्यांनी समुद्रावरील पर्जन्याची उपग्रहाच्या नोंदींशी तुलना केली. जागतिक प्रारूपांत पाऊस प्रत्यक्षाच्या सुमारे दुप्पट वेळा पडतो, परंतु तो फारच हलका असतो, असे त्यांना आढळले. एकूण बेरीज जुळते. पाऊस मात्र जुळत नाही. दररोज थोडी रिमझिम आणि आठ दिवसांची उघडीप पडून एके दिवशी कोसळणारा पाऊस यांची मासिक सरासरी सारखी येऊ शकते. शेतीच्या व पुराच्या दृष्टीने मात्र त्या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. याच्याशीच जोडलेला दोष दैनंदिन चक्राचा आहे. उष्णकटिबंधातील जमिनीवर पाऊस सामान्यतः दुपार उलटल्यावर व सायंकाळी सर्वाधिक पडतो. प्राचलीकरणावर आधारित प्रारूपांत तो मध्यान्हीच्या सुमारास पडतो. जमीन तापली की नियम लगेच लागू होतो, आणि मेघ वाढण्यास लागणारा वेळ त्यात धरलेला नसतो.

हा दोष केवळ जाळी बारीक करून जातो काय? या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर पश्चिम आफ्रिकेतील मोसमी पावसावर ब्रिटिश संशोधकांनी केलेल्या कॅस्केड प्रकल्पातून मिळाले. त्यात एकाच प्रारूपाच्या तीन आवृत्त्या चालविण्यात आल्या : १२ कि.मी. जाळी व प्राचलीकरण, १२ कि.मी. जाळी, पण प्राचलीकरण बंद. आणि ४ कि.मी. जाळी, प्राचलीकरण बंद. २०१३ मध्ये मार्शम व सहकाऱ्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा तिसरीशी अधिक जुळली. पाऊस दिवसाच्या योग्य वेळी सरकला आणि त्याबरोबर मोसमी वाऱ्यांचा प्रवाहही बदलला. जाळी तीच असताना हा फरक पडला, हे येथे महत्त्वाचे. सुधारणेचे श्रेय चौकटीच्या आकारापेक्षा मेघाविषयीचा नियम दूर करण्याकडे अधिक जाते. वरवर पाहता ‘उच्च विभेदनाचा लाभ’ म्हणून जे सांगितले जाते, त्यात या दोन कारणांची अनेकदा सरमिसळ झालेली असते.

दुसरी त्रुटी पर्जन्यपट्ट्याच्या स्थानाची. प्रशांत महासागराच्या मध्य व पूर्व भागात दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे एकत्र येऊन जो पर्जन्यपट्टा तयार होतो, तो वर्षातील बहुतेक काळ विषुववृत्ताच्या उत्तरेस असतो. अनेक प्रारूपांत मात्र दक्षिणेसही तसाच एक पट्टा दिसतो. मेकोसो व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा ‘दुहेरी पट्ट्याचा’ दोष ठळकपणे दाखविला. त्यानंतर जाळी कितीतरी बारीक झाली, तरी तुलना प्रकल्पाच्या सहाव्या फेरीतील प्रारूपांतही तो शिल्लक आहे. त्याची मुळे समुद्रपृष्ठाचे तापमान, मेघांमुळे होणारे प्रारणाचे संतुलन आणि वातावरण-महासागर देवाणघेवाण यांत आहेत.

तिसरी त्रुटी भारताच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याची आहे. अनेक जागतिक प्रारूपांत मोसमी हंगामात मध्य भारतावर पाऊस कमी आणि विषुववृत्तीय हिंदी महासागरावर अधिक पडतो. सुलोचना गाडगीळ व साजनी यांनी १९९८ मध्ये तीसच्या आसपास वातावरणीय प्रारूपांची तपासणी करून दाखविले की, काही प्रारूपांत पर्जन्यपट्टा उन्हाळ्यात भारतीय भूमीवर सरकतो, तर काहींत तो समुद्रावरच रेंगाळतो. ब्रिटिश हवामान विभागाच्या प्रारूपात जाळी २०० कि.मी.वरून सुमारे ४० कि.मी.पर्यंत आणून केलेल्या २०१६ मधील अभ्यासातही डोंगराळ भागातील पर्जन्य सुधारले. भारतीय भूमीवरील तुटीचा मूळ दोष मात्र टिकून राहिला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१२ पासूनच्या मान्सून मिशनअंतर्गत मूळ अमेरिकन प्रारूपाची जाळी सुमारे १०० कि.मी.वरून ३८ कि.मी. करण्यात आली. हंगामी अंदाजाच्या कौशल्यात त्यामुळे सुधारणा नोंदविली गेली. परंतु जमिनीवरील कोरडेपणा पूर्णपणे नाहीसा झाला नाही.

किलोमीटरच्या उंबरठ्यावर

यावर असा प्रतिवाद केला जातो की, २५ अथवा ४० कि.मी. ही अर्धवट वाट आहे. खरा बदल प्राचलीकरण सर्वस्वी वगळता येईल इतकी बारीक जाळी झाल्यावरच होईल. २००८ मध्ये रीडिंग येथे भरलेल्या जागतिक प्रारूप परिषदेनंतर जगदीश शुक्ला व इतरांनी बहुराष्ट्रीय संगणन केंद्रांची मागणी केली. टिम पामर आणि ब्योर्न स्टीव्हन्स यांनी २०१९ मध्ये हीच भूमिका अधिक आग्रहाने मांडली. जपानच्या निकॅम प्रारूपाने २००७ मध्ये ७ व ३.५ कि.मी. जाळीवर उष्णकटिबंधात पूर्वेकडे सरकणाऱ्या मॅडन-ज्युलियन दोलनाचे उल्लेखनीय प्रतिरूपण केले होते. २०१९ च्या डायमंड प्रकल्पात नऊ प्रारूपांनी ५ कि.मी.पेक्षा बारीक जाळीवर चाळीस दिवसांचे जागतिक वातावरण साकारले. आफ्रिका खंडावरील ४.५ कि.मी. जाळीच्या प्रयोगात भविष्यातील अतिवृष्टी व कोरडे कालखंड या दोहोंत जाड प्रारूपापेक्षा अधिक वाढ दिसली. ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. जाड प्रारूपे धोका कमी लेखत असतील, तर धरणांची व नाल्यांची आखणी चुकीच्या आकड्यांवर होत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

पामर-स्टीव्हन्स यांच्या भूमिकेचे बळ येथेच आहे. परंतु तिच्यात तीन उणिवा राहतात. एक म्हणजे, १ ते १० कि.मी. हा पट्टा संधिकालासारखा आहे. त्यात मोठे मेघ अंशतः दिसतात, लहान मेघ अजिबात दिसत नाहीत. आणि थेंब, हिमकण, सूक्ष्म खळबळ यांविषयीचे नियम तसेच राहतात. प्राचलीकरण जात नाही; ते एक पायरी खाली सरकते.

दुसरी उणीव संख्याशास्त्रीय आहे. भारतातील मोसमी पावसाची जून ते सप्टेंबर या काळाची सरासरी सुमारे ८७ सें.मी. असून तिचे वर्षागणिक विचलन त्या सरासरीच्या सुमारे दहा टक्के आहे. दहा वर्षांच्या सरासरीतील अनिश्चितता यावरून तीन टक्क्यांच्या पुढे जाते, आणि दहा-दहा वर्षांच्या दोन सरासरींतील फरकाची साडेचार टक्क्यांच्या आसपास. म्हणजेच वर्तमानाचे एक व भविष्याचे एक, असे दहा वर्षांचे दोनच प्रयोग केले, तर पावसातील पाच टक्क्यांचा बदल खरा की योगायोगाचा, हे सांगता येणार नाही. त्यासाठी अनेक वेळा, अनेक दशकांची आकडेमोड हवी. आणि किलोमीटरच्या जाळीवर नेमकी तीच परवडत नाही. भारताने तुलना प्रकल्पाच्या सहाव्या फेरीत दिलेले पृथ्वी-प्रणाली प्रारूप सुमारे २०० कि.मी. जाळीचे होते. ते मागासलेपणाचे लक्षण नव्हे. शतकानुशतकांची आकडेमोड करावयाची असल्याने ती निवड अपरिहार्य होती.

तिसरी उणीव पडताळणीची. भारतीय हवामान विभागाची दैनंदिन पर्जन्याची जाळीबद्ध नोंद २०१४ मध्ये पाव अंशाच्या, म्हणजे सुमारे २५ कि.मी.च्या, चौकटीवर उपलब्ध झाली. तिच्यासाठी सर्व मिळून ६,९५५ पर्जन्यमापकांची माहिती वापरण्यात आली. ही मोठीच कामगिरी आहे. तथापि पाच किलोमीटरच्या प्रारूपाने एखाद्या खोऱ्यात दाखविलेला पाऊस खरा की खोटा, हे ठरविण्यास ती पुरेशी नाही. उष्णकटिबंधीय पर्जन्याचे मापन करणारा ट्रम उपग्रह १९९७ ते २०१५ या काळात कार्यरत होता आणि २०१४ पासून जागतिक पर्जन्यमापन मोहिमेने ते काम पुढे नेले. परंतु डोंगराळ भागात उपग्रहाच्या अनुमानालाही जमिनीवरील मापकाचाच आधार लागतो.

अंदाज आणि हवामानचित्र यांतील गल्लत

भारतात २०१८ पासून १२.५ कि.मी. जाळीचे आणि २६ मे २०२५ पासून ६ कि.मी. जाळीचे ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ हे प्रारूप दैनंदिन अंदाजासाठी वापरात आले. या प्रगतीचे स्वागतच करावयास हवे. परंतु दोन-चार दिवसांचा अंदाज हा प्रारंभीच्या नोंदींच्या आधारावर उभा असतो. पन्नास वर्षांनंतरच्या हवामानाचे चित्र तशा आधारावर उभे नसते. एका क्षेत्रातील यश दुसऱ्या क्षेत्रातील विश्वासार्हतेचा पुरावा ठरत नाही. उलट उदाहरणही बोलके आहे. २०२५ च्या खरीप हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने तेरा राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचे अंदाज पाठविले. त्यांसाठी वापरलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रारूपांची जाळी मुळीच बारीक नव्हती. सव्वाशे वर्षांच्या पर्जन्यनोंदींशी घातलेली सांगड हे त्यांचे बळ होते. प्रश्न कोणता, यावर जाळी किती बारीक हवी हे अवलंबून असते.

याचा संबंध महाविद्यालयीन संशोधनाशीही आहे. जागतिक प्रारूपांची आकडेवारी आता कोणालाही मोफत मिळते आणि संख्याशास्त्रीय पद्धतींनी ती तालुका पातळीपर्यंत उतरविता येते. अशा रंगीत नकाशांवरून जिल्ह्याच्या पीकपद्धतीविषयी वा सिंचन आराखड्याविषयी शिफारशी केल्या जातात. परंतु मूळ प्रारूपात पर्जन्यपट्टाच समुद्रावर रेंगाळत असेल, तर नकाशा कितीही बारीक केला तरी मूळ चूकच बारीक तपशिलात उमटते. वर्षांच्या नोंदींशी जुळवून सरासरी दुरुस्त करता येते. चुकीच्या कारणाने पडणारा पाऊस त्यामुळे योग्य कारणाने पडू लागत नाही. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात भारतातील मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि त्यामागे वातावरणातील सूक्ष्म कणांचा वाटा असल्याचे त्यात नमूद आहे. अशा कारणांचा शोध जाळीच्या आकाराने लागत नाही.

निष्कर्ष

विभेदन हा एकच उपाय मानणे आणि त्याला निरर्थक ठरविणे, ही दोन्ही टोके त्याज्य होत. भूरूपांशी निगडित पर्जन्य जाळी बारीक केल्याने सुधारते. पावसाची वेळ व तीव्रता प्रामुख्याने अभिसरण कसे दाखविले जाते यावर अवलंबून असते. बारीक जाळी त्यासाठी वाट मोकळी करते. पर्जन्यपट्ट्याचे स्थान व भारतीय भूमीवरील तूट यांसाठी महासागर, प्रारण व सूक्ष्म कण यांविषयीचे आकलन सुधारणे अटळ आहे.

म्हणून कोणत्याही प्रारूपाधारित निष्कर्षाचा स्वीकार करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत : या प्रारूपात आजचा मोसमी पाऊस योग्य जागी पडतो काय? दाखविलेला बदल किती स्वतंत्र प्रयोगांत टिकून आहे? आणि ज्या पातळीवर निष्कर्ष काढला, त्या पातळीवर पडताळणीस पुरेसे पर्जन्यमापक आहेत काय? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर महासंगणकातून मिळणार नाही. घाटमाथ्यावर व पर्जन्यछायेच्या गावांत नेमाने वाचल्या जाणाऱ्या पर्जन्यमापकांतूनच ते मिळेल, आणि ते काम लहान गावातील महाविद्यालयाच्या भूगोल विभागालाही करता येण्याजोगे आहे.